सव्वा लाखात मोतीकाका

आमच्या घरातला टीव्ही मुका होता. बिघडलेला नव्हता. मोतीकाका क्रिकेट बघायला बसला की आधी रिमोट घेऊन आवाज शून्यावर आणायचा, रिमोट स्वतःच्या मांडीखाली ठेवायचा आणि पडद्यापासून दोन हातांवर बसायचा. सिक्स जाऊ दे नाहीतर विकेट पडू दे, आमच्या घरात ऐकू यायची ती मम्मीच्या लाटण्याची खडखड आणि पंख्याची करकर. शेजारी आरडाओरडा झाला की आम्हाला कळायचं, काहीतरी घडलं. काकाला त्याचं काही नसायचं. कोण जिंकलं असं विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही. तो खेळ बघतच नव्हता, तो मैदान बघायचा. चेंडू उंच उडाला, त्याच्यामागे कॅमेरा वर गेला आणि प्रेक्षकांचे मजले दिसले की त्याचा चेहरा एकदम उजळायचा. मग तो बोट दाखवून म्हणायचा, "हा नवीन मजला. आधी नव्हता."

मोतीकाका पप्पांचा धाकटा भाऊ. मी कॉलेजात होते तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला असेल. पुण्याच्या एका डॉक्टरांनी कधीतरी त्याच्या तऱ्हेला काहीतरी नाव दिलं होतं, पण घरात ते कुणी वापरलं नाही. "मोती जरा वेगळा आहे," एवढंच म्हणायचे. शाळा सुटली, लग्न झालं नाही, घरात सगळे त्याला अरेतुरे करायचे, मीही करायचे. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, आणि समोरचा खोटं बोलू शकतो हे त्याला कळत नव्हतं. "आलेच दोन मिनिटांत" म्हणून मम्मी शेजारी गेली, की हा घड्याळासमोर जाऊन उभा राहायचा.

ओतूरच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान, त्याच्या मागेच घर. पणजोबा राजस्थानातून आले, तेव्हापासूनचं. काका सकाळी पप्पांबरोबर दुकानात जायचा आणि उलगडलेले तागे पुन्हा गुंडाळून ठेवायचा. त्याच्यासारखी घडी पप्पांनाही जमायची नाही. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसं यायची आणि कापड बघता बघता काकाची परीक्षा घ्यायची. त्यात खोडदचे नानाभाऊ पुढे. टोमॅटोचे बागायतदार, अंगानं दांडगे, आवाज त्याहून दांडगा. पण काकाशी बोलताना मात्र खाली वाकून हळू बोलायचे.

"काय मोतीशेठ, त्या मेलबर्नला किती मान्सं बसत्यात?"

"एक लाख चोवीस."

"आन् कलकत्त्याला?"

"आधी लाखाच्या आसपास. मग खुर्च्या बसवल्या, म्हणून कमी झाली." हे सांगताना काकाच्या कपाळाला आठी पडायची. माणसं कमी झाली याचं त्याला खरोखर वाईट वाटायचं.

"मंग आमच्या खोडदला ती मोठी रेडिओ-दुर्बीण हाये, तिच्या डिशमधी किती बसतील?"

काका थोडा विचार करायचा. "त्यात खुर्च्या नाहीत."

दुकान हसायचं. काका हसायचा नाही, पण त्याला ते आवडायचं. लोक त्याला दुसरं काही विचारत नसत. बरा आहेस का, जेवलास का, काही दुखतंय का, हेसुद्धा पप्पांना विचारायचे. त्याला विचारायची ती फक्त मैदानं. ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली.

त्याच्याकडे दोनशे पानी वही होती. जगातली क्रिकेटची मैदानं, मोठ्यापासून लहानापर्यंत, एकेक पान एकेकाला. वर नंबर, मग नाव, मग किती माणसं, आणि खाली पेन्सिलीनं काढलेलं चित्र, वरून पाहिल्यासारखं. लॉर्ड्सचं मैदान एका बाजूला उतरतं, तर त्यानं पानही तिरपं चिकटवलं होतं. वर्षानुवर्षं पहिल्या पानावर मेलबर्न होतं. मग अहमदाबादचं नवं मैदान उघडलं, सव्वा लाखाच्याही वर माणसं बसतील असं. त्या दिवशी काका दुकानात आला नाही. सगळ्यांच्या आधी एक नवं पान चिकटवायचं आणि प्रत्येक पानावरचा नंबर खोडरबरनं खोडून एकेकानं पुढे ढकलायचा म्हणजे दोन दिवसांचं काम. खोडरबराच्या चुऱ्यानं सतरंजी भरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आता बरोबर आहे. पहिलं आपल्याकडं आहे." आणि मम्मीनं वाढलेले बेसनाचे गट्टे पोटभर खाल्ले.

आम्ही जैन, आमच्याकडे संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत. सगळं ओतूर कांद्याच्या वासानं भरलेलं असायचं, मार्केटकडे ट्रॅक्टरची रांग लागलेली असायची, आणि आमच्या घरात कांद्याचं सालसुद्धा नाही. फुलके, गट्ट्यांची भाजी, पापडाची भाजी, मुगाची डाळ. पप्पा प्रवासात सवलत घ्यायचे, मी तर कॉलेजात रात्री वडापावही खायचे. पण काकाचा नियम म्हणजे नियम. सूर्य बुडाला की अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पाऊण तास उलटून नवकारशी, म्हणजे तोंडात काही घ्यायची वेळ, झाली की मग पाणी. तापानं फणफणलेला असतानाही त्यानं रात्री औषधाची गोळी थुंकून दिल्याचं मला आठवतं.

मी तेव्हा अवसरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, हॉस्टेलवर राहायचे, आणि ओंकार नावाच्या मुलावर माझं मन बसलं होतं. वर्गात सगळ्यांदेखत बोलायची सोय नव्हती, बाहेर भेटायची त्याहून नव्हती. नारायणगावच्या स्टँडवर उभं राहिलं तरी पप्पांच्या ओळखीचं कुणीतरी निघायचंच. उन्हाळ्यात ओंकार आणि त्याचे मित्र मॅच बघायला अहमदाबादला जाणार होते. मी घरी येऊन सांगितलं, "काकाला त्याचं पहिल्या नंबरचं मैदान दाखवून आणते. मामा तिथंच राहतो. दोन तिकिटं काढलीत."

मम्मीनं लाटणं थांबवलं. "एवढ्या गर्दीत त्याला न्यायचं? एकटीनं?"

"मी आहे ना."

पप्पांनी हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "आयुष्यात दुसरं काय बघितलंय त्यानं? जाऊ दे. पण शीतल, त्याला एक मिनिट सोडायचं नाय."

"नाय सोडणार."

काकाच्या नावावर मी माझी गाठभेट साधून घेत होते. आज एवढी वर्षं झाली तरी, हे वाक्य लिहिताना पेन थांबलं.

ओतूरच्या स्टँडवरून कल्याणची एसटी, माळशेज घाट, मग कल्याणहून रात्रीची रेल्वे. मम्मीनं खाखऱ्यांचा डबा दिला होता, पुऱ्या दिल्या होत्या, लिंबाचं गोड लोणचं दिलं होतं. काका खिडकीशी बसला आणि वही उघडून पहिलं पान बघत राहिला. सकाळी मामानं घरी नेऊन जेवायला घातलं, दुपारी गाडीतून मैदानाच्या बाहेर सोडलं आणि "संपलं की फोन कर" म्हणून तो कामाला गेला. ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती. गेटवर पाण्याची बाटली काढून घेतली. आत विकत मिळेल म्हणाले. वही मात्र ठेवू दिली.

जिना चढून आम्ही आत आलो आणि काका उभाच राहिला. मागची माणसं ढकलत होती. मी त्याचा हात धरून ओढत होते, पण तो हलेना. समोर हिरवंगार गोल, आणि चारी बाजूंनी खुर्च्यांचे डोंगर. अजून निम्म्याहून जास्त रिकाम्या. तो वर बघत म्हणाला, "दिव्याचे खांब नाहीत. छपराच्या कडेला दिवे आहेत." मग म्हणाला, "बरोबर काढलंय मी." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. माझ्या जन्मात मी त्याला रडताना तेव्हाच पाहिलं. तेवढ्यावर आम्ही परत फिरलो असतो तर त्याच्याइतका सुखी माणूस त्या दिवशी सगळ्या अहमदाबादेत नसता.

मॅच साडेतीनला सुरू झाली. खुर्च्या भरत गेल्या. पाचदहा मिनिटांत ओंकारचा मेसेज आला : खाण्याच्या स्टॉलपाशी ये, पलीकडच्या बाजूला. मी काकाकडे पाहिलं. तो वहीतल्या चित्रावर बोट ठेवून समोरचे मजले पडताळत होता.

"काका, मी पाणी घेऊन येते. तू इथंच बस. उठू नकोस."

"किती मिनिटं?"

"पाच."

त्यानं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि मान हलवली.

पाच मिनिटांचा माझा विचार नव्हताच. ओंकारला शोधण्यातच पाच गेली. मग आम्ही एका खांबाआड उभे राहिलो, बोललो, हसलो, एकाच कपातून सरबत प्यायलो. काय बोललो यातला एक शब्द आज मला आठवत नाही. आठवतो तो आवाज. आम्ही उभे असतानाच विकेट पडली आणि सगळं मैदान एकदम ओरडलं. तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच. तो पायांतून वर आला, छातीत घुसला, सिमेंट थरथरलं. ओंकारनं दोन्ही हात वर केले. मीही ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडले. ज्या माणसानं जन्मभर टीव्हीचा आवाज शून्यावर ठेवला तो या आवाजाच्या मधोमध एकटा बसलाय, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

परत आले तेव्हा साडेचार झाले होते. खुर्चीवर वही होती. काका नव्हता.

आधी मी आमच्या ओळीत शोधलं, मग खालच्या, मग वरच्या. बाजूच्या माणसांना विचारलं तर ते चेहरे रंगवलेले, कुणाचंच लक्ष नव्हतं. एकजण म्हणाला, "वो अंकल? कान पे हाथ रखके गये." कुठं गेले? त्यानं नुसता हात हलवला. मी बाथरूमपाशी गेले, पुरुषांच्या दारात उभी राहून "काका, काका" ओरडले. ओरडत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. दर ओव्हरला लाट उठत होती, ढोल वाजत होते. एकसारखे निळे शर्ट. दुकानात ज्या आकड्याचं आम्हाला हसू यायचं, तो आकडा आता माझ्या भोवती गोल उभा होता. सव्वा लाख. त्यातल्या प्रत्येकाचा चेहरा बघायचा म्हटलं तर किती दिवस लागतील, याचा हिशेब माझं इंजिनिअरिंगचं डोकं आपोआप करायला लागलं.

एक पोलीसबाई भेटल्या. चांगल्या होत्या. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाठीवर हात ठेवला, काकाचा फोटो मोबाइलवर घेतला. मग विचारलं, कधी सोडलंस त्यांना? कुठे गेली होतीस?

माझ्या तोंडून आलं, "पाणी आणायला. साडेचारला. पाच मिनिटांत परत आले."

हे मी का म्हटलं, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. हे पप्पांपर्यंत जाणार होतं. काकाला पाऊण तास एकटं सोडलं म्हटलं की का सोडलं ते आलं, कोणासाठी ते आलं. पाच मिनिटांत हरवला तर ते नशीब. पाऊण तासात हरवला तर ती मी. त्या क्षणी मी काकाचा नाही, माझा विचार केला. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. कंट्रोल रूममधल्या माणसांनी कॅमेऱ्यात सव्वाचार ते साडेचार एवढंच बघितलं. त्यात खुर्ची रिकामीच दिसत होती. ते म्हणाले, पोरगी घाबरलीय, खुर्चीचा नंबर चुकीचा सांगतेय. आणि मी गप्प बसले. भोंग्यावर काकाचं नाव पुकारलं. दोनदा पुकारलं. भोंग्यावरून कुणी त्याला बोलावतंय हे काकाला कळणारच नव्हतं; त्याच्या लेखी तो आणखी एक मोठा आवाज.

मामा धावत आला. आम्ही एकेक गेट फिरत होतो आणि मी पश्चिमेकडे बघत होते. ऊन उतरत होतं. दुपारी मामाच्या घरी घेतलेलं ताक, त्यानंतर काकाच्या पोटात थेंब नव्हता. अजून सूर्य आहे तोवर सापडला तर पाणी पिईल. मामा म्हणाला, "अगं, कुणीतरी पाजेल की पाणी." मी म्हटलं, "तो पिणार नाही, मामा. दिवस बुडाला की नाही पिणार." छपराच्या कडेचे दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जिन्यात बसून रडले.

पप्पांना फोन मामानंच केला. मला धीर झाला नाही. पलीकडून पप्पा एवढंच म्हणाल्याचं मामानं सांगितलं : "निघतो." मॅच संपली, माणसं पाण्यासारखी वाहून गेली, आम्ही गेटांवर उभे राहून चेहरे बघत राहिलो. गर्दी संपली. काका आला नाही. मग स्टेशनवर, बसस्टँडवर, दोन दवाखान्यांत बघितलं. त्या रात्रीबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

उजाडता उजाडता पप्पा आले. गाडी नानाभाऊंची होती. टोमॅटोची तोडणी चालू असताना मजूर तसेच टाकून ते रात्रभर गाडी चालवत आले होते. त्यांचे डोळे लाल झालेले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रडू नको पोरी, घावतील. मोतीशेठ काय सुई हायेत का हरवायला?" पण आवाज दांडगा नव्हता. पप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पोलिसांना हात जोडले, म्हणाले, एकदा मला ते कॅमेऱ्याचं बघू द्या. एकालाच आत सोडणार होते. पप्पा आत गेले. मी आणि नानाभाऊ बाहेर कट्ट्यावर बसलो. नानाभाऊंनी मला चहा आणून दिला. तो हातातच गार झाला.

वीस मिनिटांनी पप्पा बाहेर आले. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले, "वरच्या मजल्याकडं गेलाय. खाली उतरलेलाच नाय."

आम्ही पळत वर गेलो. सगळं मैदान रिकामं. झाडूवाल्या बायका ओळीओळीतून कागद आणि पेले गोळा करत होत्या. सगळ्यात वरच्या टोकाला एका बाजूचं स्वच्छतागृह, त्यातलं शेवटचं दार आतून बंद. एक बाई म्हणाली, सकाळपासून ठोकतेय, उघडत नाही, वाटलं दारच अडकलंय. नानाभाऊ खांदा लावायला पुढे झाले. पप्पांनी त्यांना हातानं थांबवलं. ते दारापाशी फरशीवर बसले, फटीशी तोंड नेलं आणि घरात बोलतात तितक्याच हळू म्हणाले,

"मोती. भाऊ आलाय. सगळी माणसं गेली घरी. आता आवाज नाय."

आत काही हललं नाही.

"बघ, मी गप्प बसतो. तू ऐक. आहे का आवाज?"

आम्ही सगळे श्वास धरून उभे राहिलो. झाडूवाल्या बाईंनी बादली हळूच खाली ठेवली. बऱ्याच वेळानं कडी सरकली. काका कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, दोन्ही तळवे कानांवर दाबून बसला होता. ओठ फुटून रक्त वाळलेलं. पँट ओली होऊन सुकलेली. पप्पांनी त्याचे हात कानांवरून काढायला घेतले तर ते निघेनात. बोटं तशीच आखडली होती. पप्पांनी पाण्याची बाटली पुढे केली. काकाची जीभ कोरडी होती, शब्द फुटेना. तरी त्यानं मान बाजूला वळवली आणि विचारलं,

"नवकारशी आली?"

पप्पांनी खिडकीतून उन्हाकडे पाहिलं, मग घड्याळात. "सहा मिनिटं आहेत."

आणि पप्पा ती बाटली हातात धरून सहा मिनिटं बसून राहिले. त्यांनी खोटं सांगितलं असतं तर काकाला कळलंही नसतं. नानाभाऊ तोंड फिरवून भिंतीकडे बघत होते. मी दारात उभी होते. सहा मिनिटं झाली तेव्हा पप्पा म्हणाले, "झाली." मग काका प्यायला.

तीन दिवस दवाखान्यात सलाईनवर होता. मूत्रपिंडाला थोडी इजा झालीय, जपावं लागेल म्हणाले. घरी आणल्यावर तो दुकानात गेला नाही. पप्पांनी दोनदा नेऊन बसवलं, पण बाजूच्या दुकानाचं शटर खाली आलं की तो कान दाबून टेबलाखाली जायचा. मग त्यानं कानांत कापसाचे बोळे घालायला सुरुवात केली आणि मागच्या खोलीत राहायला लागला. टीव्ही त्यानं मुकासुद्धा लावला नाही. वही मी त्याच्या उशाशी नेऊन ठेवली, ती त्यानं उचलून मम्मीकडे दिली. म्हणाला, "ही ठेव." बाजाराच्या दिवशी नानाभाऊ यायचे, मागच्या खोलीच्या दारात बसायचे, मैदानाचं नाव काढायचे नाहीत. "मोतीशेठ, जेवलात का?" एवढं विचारायचे. काका "हो" म्हणायचा. हा प्रश्न त्याला विचारणारे ते पहिले.

मी धास्तीत जगत होते. कुणीतरी काकाला एकदा विचारलं की, बाबा, तू किती वेळ एकटा होतास, की तो मिनिटासकट सांगणार. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. पण कुणी विचारलंच नाही. पोलिसांनी नाही, डॉक्टरांनी नाही, मम्मीनंही नाही. काय झालं ते सगळ्यांनी मला विचारलं आणि मी तेच तेच खोटं इतक्यांदा सांगितलं की ते मला पाठ झालं. ओंकारशी मी पुन्हा बोलले नाही. त्याचा काही दोष नव्हता. त्याला बिचाऱ्याला कारणही कळलं नाही. मी शिकले, पुण्यात नोकरीला लागले, लग्न झालं, आणि ओतूरला आले की मागच्या खोलीत जाऊन काकाजवळ बसायचे. तो कधी रागावलेला दिसला नाही. ते जास्त जड जायचं.

असंच एकदा, बऱ्याच वर्षांनी, तो मूग निवडत बसला होता आणि मीही त्याच्या परातीत हात घातला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं, "काका, त्या दिवशी मैदानावर मी कुठं गेले होते, आठवतं तुला?"

"पाणी आणायला," तो लगेच म्हणाला. "पाच मिनिटं."

"किती वेळ थांबलास तू?"

"नऊ मिनिटं. मग आवाज आला."

मी परात बाजूला सरकवली. म्हटलं, "मी पाणी आणायला गेले नव्हते, काका. खोटं बोलले. एका मुलाला भेटायला गेले होते. आणि पोलिसांनाही खोटी वेळ सांगितली. म्हणून तू रात्रभर सापडला नाहीस."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आपण इतकी वर्षं एक गोष्ट चुकीची धरून चाललो होतो, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो उठला, हात झटकले, आणि कितीतरी वर्षांनी दुकानाच्या दारापर्यंत गेला. मी मागून धावले. पप्पा अस्तराच्या कापडाची घडी घालत होते. आता त्यांनाच घालावी लागायची.

"भाऊ," काका म्हणाला, "ही पाणी आणायला नव्हती गेली. मुलाला भेटायला गेली होती."

पप्पांनी मान वर केली नाही. "माहितीय मला," ते म्हणाले.

काकानं मान हलवली आणि तो परत आपल्या खोलीत निघून गेला. मी तिथंच उभी राहिले. पप्पांनी ती घडी पूर्ण केली, फळीवर ठेवली, दुसरं कापड घेतलं. मग हळू आवाजात बोलायला लागले.

"कॅमेऱ्यात सगळं दिसलं व्हतं. मी म्हणलं, मॅच सुरू झाल्यापासून दाखवा. तू उठून गेलीस ते दिसलं. मोती कान दाबून वर पळाला ते दिसलं. आन् तू परत आलीस ते बी दिसलं. रिकामी खुर्ची बघून तू इकडंतिकडं धावलीस, मग पायरीवर बसलीस, आन् दोन्ही हातांनी सोताच्या थोबाडीत मारत राहिलीस. लई वेळ. तो पोलीसवाला म्हणला, बंद करू का शेठ. मी म्हणलं, नको. चालू द्या."

त्यांनी मीटरपट्टी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"शेवटपर्यंत बघितलं मी. त्यानंतर मी आणखी काय बोलणार व्हतो तुला?"

तेवढ्यात एक बाई लेकीला घेऊन दुकानात आली, परकराचं कापड पाहिजे म्हणाली. पप्पा उठले आणि तिला तागे काढून दाखवायला लागले.